मार्कंड्याचा केक

घुग्घुस,
९ जून २०२५

चि. पुनमबाईले,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून तुले हसू येईन. आता कोण लिहते पत्र, असं म्हणशील. पण फोनवर मी ओरडतो अन् तू फोन ठेवून देते, म्हणून लिहून राह्यलो. कागद तरी मध्येच बंद होत नाई.

इथी आमचं बरं आहे. आमचं म्हणजे माहं अन् त्या कूलरचं, दुसरं कोण आहे घरात. गर्मी अजून उतरली नाई. धूळ तं विचारूच नको, सकाळी पुसलेल्या स्टुलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहता येते. माही ड्युटी खाणीत कोळशाच्या टिपरवरच आहे, या आठवड्यात दुपारपाळी. शेजारच्या बुधरीबाईनं तुह्यासाठी आंब्याचं लोणचं काढून ठेवलं. पुनम कधी येते म्हणून विचारत होती. मी म्हटलं, येईन. तिले अजून माहीत नाई.

मले माहीत झालं. तुह्या लग्नाचं. घे, लिहून टाकलं. पहिल्याच ओळीत लिहाचं ठरवून बसलो होतो, पण हात लोणच्याकडं गेला. तुहं माहं नातं पुढं राह्यते का नाई, ते या पत्रानं ठरवाचं आहे मले. पण आधी केकचं सांगतो, काऊन का केकनंच मले सांगतलं. माणसं तं सर्वे चूप होते.

आठवते का, ती जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन मी अन् सूरजनं तिचं चालतंफिरतं घर केलं होतं? ताडोबा पाहाले येणारे पाहुणे गाडीतच झोपतीन, गाडीतच खातीन, असं ठरलं. सीझनमध्ये सूरज गाडी फिरवे, मले सुट्टी भेटली का मी जाऊन भट्टी सांभाळू. भट्टी म्हणजे तो ओव्हन! बाप्पा, केवढा? कोंबडी बसवाच्या टोपल्याएवढा. जाळ एकच, तोही खाली मागच्या बाजूले. पहिला केक काढला तं खालून डांबर अन् वरून चिखल. तू म्हटलं, "भाऊ, हा रस्त्याच्या खड्ड्यात टाक, खड्डा तरी बुजन." सूरज हसून हसून खाली बसला. मलेही राग आला नाई तेव्हा. लोकं म्हणतेत धनराजले लवकर राग येते. तुह्यावर कधी आला, सांग बरं?

मंग मी त्या ओव्हनच्या मागंच लागलो. जाळावर फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे आंच एकाच जागी न चावता पसरते. ओव्हन चांगला तापू देणं, मंगच डबा ठेवणं. डबा भिंतीले टेकू न देणं. अर्धं भाजणं झालं का दार उघडून डबा फिरवणं, मागची बाजू पुढं. पण त्याच्या आधी दाराले हात लावाचा नाई, कितीही जीव खालीवर झाला तरी. एवढं करूनही केक एकीकडं टेकडी अन् एकीकडं खड्डा. लय डोकं खाजवलं. तेव्हा बाबाची धानाची बांधी आठवली. चिखलणीच्या टायमाले बाबा बांधीत पाणी सोडत, अन् कोणता कोपरा उंच आहे ते पाणीच सांगे. म्हणजे केकची चूक नाई, आपली गाडीच वाकडी उभी राह्यते! आईची पितळी परात गाडीत ठेवली, पाणी ओतलं. तू परातीपाशी बसून ओरडत होती, "भाऊ, ड्रायव्हरकडं कमी आहे, इकडून सांडून राह्यलं!" अन् मी चाकाखाली विटा सरकवत होतो.

त्या दिवशीचा केक सपाट निंघाला. मोहफुलं घातली होती आपण, मनुका नव्हत्या म्हणून. तिघांनी गरम गरमच तोडून खाल्ला. तुहं मनगट ओव्हनच्या दाराले भाजलं, मी त्यावर खोबरेल लावून देलं, अन् तू दुसऱ्या हातानं खातच होती. इतका सुखाचा दिवस मले दुसरा आठवत नाई. परातीची गोष्ट आपण कोणाले सांगतली नाई. रिसॉर्टवाल्या स्वयंपाक्यानं किती विचारलं. मी म्हटलं, ते आमचं घरचं आहे. घरचं म्हणजे आपण तिघं, असं समजत होतो मी.

आता मे महिन्याचं. सूरज माह्याकडं आला. म्हणे, "भाऊ, मार्कंड्याच्या देवळापाशी एक लग्न आहे. पार्टी चांगली आहे. त्याईले गाडी पाह्यजे अन् केकही तिथीच, ताजा पाह्यजे. तू नको येऊ, तुही ड्युटी बुडन. मले नीट शिकवून दे, मी करतो." मले तं आनंदच झाला. पोट्टा शिकाले तयार झाला म्हटलं. मीच गाडी धुतली. मीच सिलिंडर भरून आणलं. फरशी, परात, विटा, सर्व मीच चढवलं. चांगली मोहफुलं निवडून एका डब्यात देली, म्हटलं नवरीले आवडतीन. तो माह्याकडं न पाहता विटा मोजत होता. मले वाटलं, घाबरला असन.

तू तेव्हा नर्सिंगच्या कोण्या ट्रेनिंगले गडचिरोलीत होती. म्हणजे, तू मले तसं सांगतलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी झिंगूच्या टपरीवर चहा पीत होतो, तं सूरजचा फोन आला. रडकुंडीले आला होता. "भाऊ, केक एकीकडं चालला!"

"परात ठेवली का बे?"

"ठेवली होती, पण मंग लोकं गाडीत चढले."

"लोकाईले उतरव आधी! कोण चढलं गाडीत? तो ओव्हन आहे का नाटकाचा स्टेज? कोणत्या बाजूले पाणी चढलं ते सांग."

मागून बायकांचा आवाज येत होता. कोणीतरी म्हटलं, "मागच्या चाकापाशी चढलं." सूरजनं तेच मले सांगतलं. मी म्हटलं, मागच्याच चाकाखाली वीट सरकव, हळू, झटका देऊ नको, नाईतं केक बसन. जाळ बारीक कर. दाराले हात लावू नको. झिंगूची टपरीवाली सर्वी मंडळी माह्या तोंडाकडं पाहत होती, जसं मी कोणाचं बाळंतपण करून राह्यलो. "काय झालं?" "थांबा." "फुलला का?" "थांबा न!" अन् मंग सूरज ओरडला, "फुलला, भाऊ! सपाट फुलला!" मागं टाळ्या वाजल्या. मीही टपरीवर टाळ्या वाजवल्या. वेड्यासारखा. सर्वाईले माह्याकडून चहा पाजला. म्हटलं, कोणाचं का लग्न असना, पण केक माहा आहे.

तो आवाज तुहाच होता न, मागच्या चाकाचं सांगणारा? परातीपाशी दुसरं कोण बसन. मी लहानपणापासून तुहा आवाज ऐकतो, अन् त्या दिवशी ओळखला नाई. माहं लक्ष केकात होतं.

संध्याकाळी सूरजनं फोटो पाठवला. त्याले राहवलं नसन. चोरी करतानाही त्या पोट्ट्याले माही शाबासकी पाह्यजे होती. मी तो फोटो टपरीवर सर्वाईले दाखवला. पाहा, कडा पाहा, कुठी करपला नाई. पाहा, वरून कसा एकसारखा रंग आला. बोटानं मोठा करून करून दाखवत होतो. कड पाहाले म्हणून अजून मोठा केला, तं केकखाली धरलेला हात दिसला. कोपरापर्यंत हिरवा चुडा. अन् मनगटावर तो डाग.

मी फोन खिशात ठेवला. झिंगूनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बॅटरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी अंगणात उभी होती. सूरजनं आणून लावली, किल्ली खिडकीतून आत टाकली अन् तोंड न दाखवता निंघून गेला. ओव्हनमध्ये केकचा एक तुकडा होता, कागदात बांधलेला. माह्या वाट्याचा. मी तो खाल्ला नाई. मुंग्या लागल्या, त्याईलेच खाऊ देला.

मंग राजुऱ्याले मामाकडं गेलो. रुखमामामी दारातच रडाले लागली, तेव्हाच समजलं का तीही होती लग्नात. मामानं कन्यादान केलं. मामीनं तुले हळद लावली. बुधरीबाई सोडून, वाटते, सर्वेच होते. मी विचारलं, "मी काय मेलो होतो का?" मामी म्हणे, "तसं नाई गा, धनराज. पोट्टी भेली. सूरज ढिवराचा, आपण कुणबी. तू नाई म्हणशील, राग करशील, असं वाटलं तिले."

पुनम, हे तुले वाटलं? मामीले वाटलं असतं, मामाले वाटलं असतं, तं मी काही बोललो नसतो. त्याईनं मले पाह्यलं कुठी! पण तू? सूरज अन् मी एका डब्यात जेवलो. त्याच्या इंदिरामायच्या हातचा मासोळीचा रस्सा मी बोटं चाटून चाटून खाल्ला, तू समोर बसली होती. मी कधी कोणाची जात विचारली? आई-बाबा गेल्यावर तुले शिकवलं, तेव्हा शेजारचे म्हणत, पोरीच्या जातीले एवढं काय शिकवाचं. मी कोणाचं ऐकलं? तू एकदा येऊन नुसतं म्हटलं असतं, "भाऊ, मले सूरज आवडते," तं मी ओरडलो असतो, हाव, ओरडलो असतो. तो माहा स्वभाव आहे. का बे सूरज, माह्याच घरात बसून माह्याच मागं हे धंदे, असं म्हणून त्याले दोन शिव्या देल्या असत्या. अन् मंग नवे कपडे घ्याले चंद्रपुरात गेलो असतो.

तुमी मले विचारलंच नाई. मनातल्या मनात मले उभं केलं, माह्या तोंडून नकार वदवून घेतला, अन् त्या नकाराले भेऊन पळून गेले. जो मी देलाच नाई. अन् वरून माह्याच गाडीत, माह्याच ओव्हनमध्ये, माह्याच तोंडून ऐकून घेऊन केक भाजला. हे कोणतं भेणं, बाई? भेलेलं माणूस असं हसते का फोनच्या मागं?

एवढंही मी गिळलं असतं. खरंच सांगतो. मामाकडं जाताना बसमध्ये मी मनाची समजूत घालून राह्यलो होतो का जाऊ दे, सुखी आहेत न दोघं. पण निंघताना मामाच्या तोंडून एक गोष्ट निंघाली. मामी त्याले डोळ्यानं चूप करत होती, तरी निंघाली. ती लिहाची नाई असं ठरवूनच मी कागद घेतला होता. आतापर्यंत केक, परात, चाक, सर्व लिहत बसलो ते ती टाळाले म्हणूनच.

मामा म्हणे, फेरे झाले अन् भटजीनं आवाज देला, "नवरीचा भाऊ कुठी आहे? नवरदेवाचा कान पिळाले या." कोणी उठलं नाई. सर्वे एकमेकाच्या तोंडाकडं पाहू लागले. सूरजनं मान खाली घातली. भटजीनं अजून विचारलं. अन् तू म्हटलं, "मले भाऊ नाई, महाराज. पुढचं घ्या."

मामा म्हणे, गडबडीत म्हटलं तिनं. टाइम जाऊन राह्यला होता म्हणून म्हटलं. असन. गडबडीत माणसाच्या तोंडून काहीही निंघते. पण "भाऊ आला नाई" असंही निंघालं असतं. "भाऊ ड्युटीवर आहे" असंही निंघालं असतं. भटजी काय चौकशी करणार होता? त्याले तं कान पिळाले कोणीही चाललं असतं.

तू ते म्हटलं त्याच दिवशी मी इथी लोकाईले चहा पाजून राह्यलो होतो, केक फुलला म्हणून.

गाडीचं पाहू मंग. तुमाले धंद्यासाठी पाह्यजे असन तं सूरजनं यावं अन् दार वाजवावं, खिडकीतून नाई. लोणचं बुधरीबाईजवळच आहे, ते खराब होत नाई लवकर. तुही तब्येत सांभाळजो. तुही नर्सची ड्युटी मुलचेऱ्याकडं, तिथी मलेरिया राह्यते, मच्छरदाणीशिवाय झोपू नको. ड्युटीवर जाताना पाणी संग ठेवजो.

उत्तर लिहजो. माफी लिहू नको, कारणंही लिहू नको, मामीची सर्वी कारणं सांगून झाली. कोरा कागद पाठवला तरी चालन. फक्त सर्वात वर, जिथी कोणाले लिहलं ते लिहतेत, तिथी मले काय म्हणते तेवढं लिहून पाठव. ते वाचून मले समजन, मी तुहा कोण.

तोपर्यंत खाली नुसतं नाव लिहतो.

धनराज