काढून ठेव, काढून टाक

चि. सिद्धेश,

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हे वाच. काल मी तुला म्हणालो, शेजारच्या छोट्या नेत्राच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या फाइली काढून ठेव. संध्याकाळी तू तुझ्या हिंदीत म्हणालास, "हाँ आजोबा, निकाल दिया." आज गाणं लावलं, तर तबला वाजतोय आणि नेत्राचा आवाजच नाही. बाळा, काढून ठेवणं म्हणजे नीट बाजूला ठेवणं. फेकायचं ते काढून टाकायचं.

फाइली अजून रीसायकल बिनमध्ये दिसतात. मी त्यांना हात लावला नाही, धीर होत नाही. बिन रिकामा करू नकोस. आधी त्या परत आण, गाणं शेवटपर्यंत ऐक, सगळं सीडीवर उतरव आणि ती सीडी राजेशकाकाच्या सीडी प्लेअरवरही वाजते का बघ. मगच नको असलेलं टाक. तबल्याची फाइल मात्र राहू दे, तीच दुसऱ्या गाण्यातही आहे.

नेत्रा पुन्हा गाईल, असं तू म्हणशील. पण रेकॉर्डिंगच्या वेळी तिचे पुढचे दात पडले होते आणि 'ससा'चा 'थथा' व्हायचा. आता दात आलेत. शिवाय तिच्या बाबांची आसामात जोरहाटला बदली झाली आहे, सोमवारी ते निघतील. तिच्या आईने जाताना तेवढी गाण्याची सीडी मागितली आहे.

मी विकास नगरला मुलांना शिकवायला जातोय. आज अंगात त्राण नाही, पण मुलं वाट बघत बसतात.

तुझ्यावर रागावलेलो नाही. फाइली परत आल्या नाहीत, तर मला सांग. तिच्या आईला मी सांगेन, माझ्या हातून गेल्या म्हणून.

आजोबा