उद्घाटनाचा चेंडू

अकोला,
५ जानेवारी १९६६

प्रिय चतुरा,

सप्रेम जय भीम. तुझं कार्ड मिळालं. त्यात आईच्या गुडघ्यांची चौकशी, थंडीची तक्रार आणि शेवटी ‘मी बरी आहे’. एवढ्यावर बापाचं समाधान होतं असं तुला कुणी सांगितलं? ते कार्ड मी शाळेत नेलं. मुलांना गणितं घालून दिली आणि खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. अक्षरात कुठे राग दिसतो का ते शोधत होतो. राग दिसला नाही, म्हणून जास्त बेचैन झालो. सध्या माझं एका जागी बसणं होत नाही. आई म्हणते, घरात गाडीचा बैल सुटल्यासारखे फिरता. त्यात उजवा पाय दुखतो आहे आणि बुटाचा टाका उसवला आहे, पण ते पुढे सांगतो.

अमरावतीला काय झालं ते तू कळवलं नाहीस. मला ते स्टेशनाजवळच्या हॉटेलात कळलं. तो सामना पाहून आलेले किसनराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “मास्तर, तुमच्या पोरीनं पाहुण्याचा चेंडू काहून धरला जी? थो तर पूजेचा होता.” सगळे हसले. मला आधी उमगेना. मग त्यांनीच सगळं सांगितलं. सामन्याआधी बडे पाहुणे हार घालून मैदानात येतात, गोलापुढे ठेवलेल्या चेंडूला बुटाचं टोक लावतात, गोलकीपर उगीच दुसरीकडे वाकते, चेंडू आत जातो, टाळ्या पडतात आणि सामना सुरू झाला असं जाहीर होतं. तुमच्या संघाचा हा रिवाज आहे म्हणे. तू वाकली नाहीस. चेंडू आला तशी खाली बसलीस आणि तो छातीशी धरलास. पब्लिक असं हसलं की पाहुणेही हसले, आणि सामना न बघता मोटारीत बसून निघून गेले.

चतुरा, मी तिथे हसलो नाही आणि रागावलोही नाही. मला अंजनगावची शाळा आठवली. नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तू बारा वर्षांची होतीस. मुलींना खेळायला चेंडू मिळाला आणि तुला त्यांनी पार टोकाला, दोन दगडांच्या मध्ये उभं केलं. का, तर तिथे कुणाच्या अंगाला अंग लागत नाही. धर्म बदलला म्हणून गावाचा हात बदलला नव्हता. तू घरी येऊन रडली नाहीस. म्हणालीस, “बाबा, तिथं उभं राह्यलं की सगळा खेळ दिसते.” त्या वर्षी आई संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची. तोडणीवाला डोमाजी झाडावर चढून फळ खाली टाकायचा आणि तू हातात झेलायचीस. जमिनीला लागलेलं फळ व्यापारी बाजूला काढतो, म्हणून एकही पडू द्यायची नाहीस. दूर ठेवायला म्हणून दिलेल्या त्या दोन दगडांमधल्या जागेतून तू एवढी वर आलीस की कापसाच्या जिनचे मालक उत्तमराव यांनी मुलींचा संघ काढला तेव्हा सगळ्यात आधी पगार ठरला तो तुझा. फुटबॉल खेळण्याचा पगार घेणारी बाई मी इतिहासाच्या एकाही पुस्तकात वाचलेली नाही. सभेत मी हे सांगतो, ते तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. तरी सांगतो. लोकांना मोठाले शब्द मी किती वर्षं देऊ? कधी तरी जिवंत माणूस दाखवावा लागतो.

अचलपूरच्या सामन्यात उत्तमरावांनी तुला बाहेर बसवलं हेही दुसऱ्याकडून कळलं. तुझ्या जागी उभी केलेली पोर चेंडू आला की डोळे मिटत होती आणि तुमचा संघ हरला. आता उन्हाळ्यात कलकत्त्याचा दौरा आहे, आणि तुला नेतात की इथेच सोडतात हे इथल्या सामन्यावर ठरणार, हे मला खुद्द उत्तमरावांनी सांगितलं. गेल्या आठवड्यात ते जीप घेऊन घरी आले होते. माणूस वाईट नाही. आईच्या हातचा चहा कपात घोटही उष्टा न ठेवता प्यायले. पण त्यांची सगळी हिंमत पाहुण्यांच्या देणग्यांवर चालते, आणि तू एका पाहुण्याला रिकाम्या हातानं परत धाडलंस.

ते गेल्यावर घरात वाद झाला. आई म्हणाली, “पोरीचं पोट त्या चेंडूवर हाये. तुमचं काय जाते? तुमी बोलान अन् घरी येऊन झोपान. एक चेंडू सोडला तं काय जमीन फाटते का?” मी तिला जगातल्या लढ्यांचे दाखले दिले. ती भाकरी थापत राहिली. शेवटी म्हणाली, “तिथं तुमचे दाखले नसतीन उभे, माही पोर उभी राहीन. एकटी.” मला सभेत कुणी असं गप्प करू शकलेलं नाही. त्या एका शब्दानं मी तेव्हापासून घरभर फिरतो आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. येत्या रविवारी अकोल्याच्या सामन्याचा पाहुणा मी आहे. उत्तमराव तेच सांगायला आले होते. “मास्तर, पोरगी तुमची, लाथ तुमची. बापाचा चेंडू थे काहून अडवीन? एक डाव सोडला की सवय लागते, मंग साहेबाचाबी सोडीन.” असं स्वच्छ बोलले. दुसऱ्या दिवशी नाही सांगायला त्यांच्या जिनवर गेलो, तोंडही उघडलं, पण आईचा शब्द आठवला आणि हो म्हणालो. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी हारवाला आला असता आणि तू पुन्हा एकटी पडली असतीस. तेव्हा ऐक. माझ्या मानासाठी वाकू नकोस. चेंडू अडव. आपल्याकडे चेंडू अडवला गेलेला पाहुणा मोटारीत बसून निघून जातो. अडवला गेल्यावर तिथेच उभा राहून टाळ्या वाजवणारा पाहुणा अजून कुणी पाहिलेला नाही, तो मी त्यांना दाखवणार आहे. बापानंच अपमान मानला नाही तर साहेबांनी कुठल्या तोंडानं मानायचा? तरीही उत्तमरावांनी तुला काढलं तर कलकत्ता हातचं जाईल, हे मी स्वतःपासून लपवत नाही आणि तुझ्यापासूनही नाही. तेव्हा शेवटचा शब्द तुझा. तू वाकलीस तरी मी त्याच मैदानातून तुझा हात धरून घरी येईन आणि त्यावर कधी भाषण करणार नाही. मात्र मी बुटाचं टोक लावून चेंडू ढकलणार नाही. आठवडाभर शाळेमागच्या पडीत शेतात शेजारच्या बुधाजीला गोलात उभं करून लाथा मारतो आहे, पाय त्यानंच दुखतो आणि बूटही त्यातच गेला. आई म्हणते, तुमचं आंग भाषणातच बरं हालते. काल मात्र दोन चेंडू बुधाजीच्या हाताला लागले नाहीत. कुठल्या कोपऱ्यात मारतो ते तुला कळवणार नाही.

तुझाच,
पण रविवारी तुझ्या समोर उभा असणारा,
बाबा