टँकर आल्याचा पुरावा

१२ मे, सकाळ
टाकी कोरडी. वॉचमन पोपटने आत बांबू घालून खात्री केली. सोसायटीच्या ग्रुपवर "सेक्रेटरी, पाणी?" सुरू. रविवारी निवडणूक आहे. खुर्ची गेली तर अख्ख्या दिवा गावात मला कोण विचारणार? पण लोकांना पाणी नको असतं, दिलासा हवा असतो.

दुपार
एआयला सांगितलं, आमच्या गेटवर टँकर दाखव. काय फोटो! गेटसुद्धा रंगवून दिलं. ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे. खिडक्यांतून गेट दिसत नाही, हे बिल्डरचे उपकार.

संध्याकाळ
किरकोळ गैरसमज. फोटो बघून लोकांनी साठवलेलं पाणी वापरून टाकलं आणि हंडे घेऊन गेटवर. तिसऱ्या मजल्यावरच्या हौसाबाई डोक्यावर शिकेकाईचा फेस घेऊन आल्या. म्हणाल्या, "शिवराम, मेल्या, केस धुवायला घेतले रे मी! आता काय थुंकी लावू?"
मी म्हटलं, फोटो प्रतीकात्मक होता. चूक एआयची. एवढा खरा काढायला कोणी सांगितलेलं?

१३ मे
 फोटो बघून बायकोने, सरोजने, शेवटच्या हंड्यात गोधडी भिजवलेली. गोधडी अजून तिथेच आहे.

१४ मे
विजय! खरा टँकर! धावत जाऊन फोटो टाकला. कोणी उतरेना. वरच्या संचिताने लिहिलं, "काका, या वेळी ड्रायव्हर छान जमलाय." व्हिडिओ टाकला. "अरे वा, हलतोय पण!"
दारं वाजवली. हौसाबाई आतूनच म्हणाल्या, "आवाजपण मशीनचाच असंल. उघडू नका गं."
ड्रायव्हर कंटाळला. शेजारच्या बिल्डिंगचे हंडे भरून गेला. शूटिंगच्या नादात माझीही बादली घरीच राहिली. तरी व्हिडिओ उत्तम आलाय.

१८ मे, रविवार
सभा. भाषण एआयकडूनच लिहून नेलं. पहिल्याच ओळीत "पाण्यासारखा पारदर्शक कारभार" आलं. पुढचं वाचू दिलं नाही.
सेक्रेटरी : सरोज, एकमताने. मत मीही तिलाच दिलं. ती बघत होती.
मला काढलेलं नाही, फील्डवर्क दिलंय. उद्या टँकर अपेक्षित आहे. आला की मी आधी अंगावर एक बादली ओतून घ्यायची आणि ओल्या कपड्यांनी मजल्यामजल्यावर फिरायचं. हौसाबाई सदरा पिळून बघणार. त्यांनी हो म्हटलं, तरच हंडे खाली उतरणार.