दसऱ्यापुरता लॅपटॉप

अण्णा, तुमचा लॅपटॉप मेला. तुमच्यामागे बऱ्याच वर्षांनी, पण तुमच्याच मऊ फडक्यात, तुमच्याच लोखंडी कपाटात, कुणीही न वापरता मेला. ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. वस्तूंचं तुम्हाला नेहमीच वाईट वाटायचं, माणसांचं काय ते आम्ही भोगलंय.

तो घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. कंपनीच्या सूचना स्पर्धेत तुमचा पहिला नंबर आलेला. टूलरूमचे फोरमन, चिखलीच्या आपल्या गल्लीतून छाती काढून येताय, आणि तो खोका दोन्ही हातांवर असा, जसं काही तान्हं पोरच. मी डिप्लोमाला होते. मला वाटलं, सुटले बाई. तुम्ही तो उघडलात, पूर्ण चार्ज केलात, स्क्रीनवरचा डोंगराचा फोटो अख्ख्या गल्लीला दाखवलात, आणि मी हात पुढे केला तर म्हणालात, "हात नको लावू. नवी वस्तू हाय, झिजंल. वेळेला उपयोगी पडंल." वेळ म्हणजे कधी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. घरात लॅपटॉप असताना मी प्रोजेक्ट टाइप करायला निगडीला मैत्रिणीकडे जायचे आणि तिच्या आईच्या कपाळावरच्या आठ्या बघत बसायचे. वा रे वा शहाणपण!

ते शहाणपण तुम्ही टूलरूममधून आणलेलं. मोजमाप झालं की मायक्रोमीटर पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, कागदात गुंडाळून पेटीत ठेवायचा. "वीस वर्षांनी काढला तरी कालच्यासारखा," हे तुम्ही जेवताना इतक्या वेळा सांगितलंत की मला वरणाला तेलाचा वास यायचा. खरंच होतं ते, पण मायक्रोमीटरपुरतं. तुम्ही तो नियम घरभर लावलात. पाहुण्यांचे कप शोकेसमध्ये, सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, आणि लॅपटॉप वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर. पाने, हातोडी, व्हर्नियर यांच्या शेजारी पाटावर मांडायचा, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू थेट बटणांवर. मग पुन्हा पूर्ण चार्ज करून पत्र्याखालच्या त्या तापलेल्या कपाटात. सूचना स्पर्धेत पहिले आलेले तुम्ही, आणि घरात कुणी सूचना केली की तुमच्या भुवया टाळूला टेकायच्या.

आईनं केली होती एकदा सूचना. तुम्ही विसरला असाल, मी नाही. ती ओट्यापाशी भाकऱ्या थापतेय, तुम्ही शिफ्टवरून येऊन पाटावर बसलाय. मोरीजवळ बसून मी ऐकतेय. आई म्हणते, कोपऱ्यावरच्या वर्कशॉपच्या ऑफिसात मराठी टायपिंग येणारी बाई हवीय, माझी परीक्षा झालेलीच आहे, लग्नाआधी पास झालेय मी. तुम्ही मान वर न करता म्हणता, "माझी बायको कुणाच्या हापिसात खडखड करत बसणार न्हाई. घरात काय कमी हाय तुला?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती. तुम्ही तेवढं मात्र बोललात, भाकरी करपली म्हणून.

आता आम्ही दोघी पिंपळे गुरवला फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात अर्धा दिवस नोटिसा टाइप करायला कुणीतरी हवंय, मराठीत. आईनं ते बोर्डावर वाचलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. या दसऱ्याला तिनं तुमचा लॅपटॉप नेहमीसारखा पुजला, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचं बटण दाबलं. मी चाकणहून आले तर ही फरशीवर बसलेली, मांडीवर हार घातलेला लॅपटॉप, डोळे भरलेले. मग नोटिशीचं सगळं सांगितलं.

"पण लागतच नाही गं हा," ती म्हणाली. "ह्यांच्या मनात नाही. राहू दे. मी नाही जात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही नाही म्हणायचा तुमचा तो थाट!

मी म्हटलं, "आई, मी दिवसभर चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या बॅटऱ्याच तपासते. यात अण्णांच्या मनाचा काडीचा संबंध नाही. बॅटरी म्हणजे हातोडी नव्हे. तिच्या पोटात रसायन असतं, ते वापरा नाहीतर ठेवा, आपलं हळूहळू काम करतच असतं. वर लॅपटॉप बंद केला तरी आतली एखाददुसरी वायर जागी असते, ती थेंबथेंब पीत राहते. फारच खाली गेली की बॅटरी स्वतःच दार लावून घेते, मग तिला काही भरवता येत नाही."

"पण हे तर पूर्ण भरून ठेवायचे."

"तिथंच तर घोडं पेंड खातं. पूर्ण भरून उकाड्यात ठेवली की ती आणखी लवकर म्हातारी होते. ठेवायचीच तर अर्धी भरून, गार जागी, आणि मधूनमधून काढून वापरायची. सांभाळून सांभाळून मारली त्यांनी ती."

आईनं हार सारखा केला आणि म्हणाली, "बापाविषयी असं बोलू नये."

मी चार्जर शोधून लावला. वायर लावली तर तुमचा तो डोंगर आला की हो स्क्रीनवर! बॅटरी काही घेत नाही, वायर काढली की सगळं गुल, पण वायर लावून चालतो. आईच्या बोटांना सवयीची जुन्या टाइपरायटरची अक्षरांची मांडणी मी त्यात घालून दिली. तिनं बटणांच्या फटीतलं तुमचं कुंकू पदरानं पुसलं आणि बोटं ठेवली. पहिल्यांदा नुसती अडखळत होती, दोन अक्षरं लिहायची, तीन खोडायची. मग एकदम खडखड सुरू झाली. तुम्हाला न चालणारी तीच खडखड. "माननीय अध्यक्ष यांस," एवढं झालं, आणि ती थांबली.

"खरं सांग," ती म्हणाली, "ह्यांनी जाऊ दिलं असतं का गं मला?"

खरं सांगायला मी टपलेलीच होते, अण्णा. भाकरीसकट सगळं ओठावर होतं. पण तिची बोटं बटणांवरच होती, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिनं ती उचलून घेतली असती, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, "अगं, जाऊ काय दिलं असतं, अण्णा स्वतः सोडायला आले असते तुला ऑफिसापर्यंत."

आई लाजली. या वयात! "बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच," म्हणाली, आणि अर्ज पुरा केला. सोमवारपासून जातेय.

आता हे पत्र मी फाडून टाकणार. तिच्या हाती लागलं तर तिला तुम्ही जसे होतात तसे आठवाल, आणि ती घरी बसेल. तुमच्यासारख्या माणसाला मी फुकटात चांगलं करून ठेवलंय. आणि आईशी ते खोटं बोलताना, अण्णा, तुम्ही तिच्या मागून सावकाश चालताय, हातात तिच्या डब्याची पिशवी आहे, असं मला क्षणभर खरंच दिसलं.