'एल माल्तेरो' की 'ओया': बिअरच्या कृतीचे सॉफ्टवेअर ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
संस्कृती व उत्सव विभाग,
नगरपालिका, कोइवे आल्तो.

अर्जदार: आन्सेल्मो बारिआ, चिटणीस, कोइवे आल्तो घरगुती बिअर मंडळ, राहणार जुन्या लाकूड गिरणीमागे.

विषय: बिअरची कृती मांडण्यासाठी 'एल माल्तेरो' व 'ओया' या दोन सॉफ्टवेअरपैकी एक कार्यालयीन आदेशाने ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ: १) हॉप्स-तोडणी जत्रेसंबंधी आपल्या विभागाचे परिपत्रक, नियम नऊ.
२) अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदया,

१. सविनय सादर की, गेल्या वर्षीच्या जत्रेआधी आपल्या विभागाने परिपत्रक काढून, बिअर स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या सर्व कृती एकाच सॉफ्टवेअरमध्ये तयार कराव्यात व त्याचे नाव कळवावे, असे फर्मावले. नियम वाईट आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. पूर्वी कोणी कृती पिठाच्या पिशवीवर लिहून देत असे, आणि एका सभासदाने तर परीक्षकांना ती तोंडी सांगितली होती, तीही स्वतःची बिअर पिऊन झाल्यावर. तेव्हा शिस्त हवीच. अर्जदाराचे गाऱ्हाणे इतकेच की, ते एक नाव मंडळाला आजतागायत ठरवता आलेले नाही आणि त्यापायी अर्जदाराच्या घरात लग्न असूनही सुतक असल्यासारखे वातावरण आहे.

२. मंडळाचे अध्यक्ष श्री. एवारिस्तो रेइनोसो हे टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्या परिचयाचे असतीलच. ते अर्जदाराची कन्या आइलिन हिचे धर्मपिता आहेत. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला त्यांनीच धरले होते, आणि त्या दिवसापासून अर्जदार व ते एकमेकांना नावाने हाक न मारता 'कोम्पाद्रे' म्हणतात. बिअरही दोघे मिळूनच करतात. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सफुलांचा वेल त्यांच्या कुंपणावर आहे आणि तांब्याचे पातेले अर्जदाराच्या पडवीत. एकट्याने बिअर करता येईल इतके सामान दोघांपैकी कोणाकडेच नाही, आणि ते असावे असे आजवर कोणाला वाटलेही नव्हते.

३. परिपत्रक आल्यावर श्री. रेइनोसो यांनी 'एल माल्तेरो' सुचवले. ते त्यांच्या जुन्या संगणकावर चालते. संगणक जागा होईपर्यंत पातेल्यातले पाणी तापून निवते, पण एकदा सुरू झाला की अक्षरे मोठी दिसतात आणि मध्येच जाहिरात येत नाही. अर्जदाराने 'ओया' सुचवले. ते फोनवर चालते, पातेल्याशेजारी उभे राहून बघता येते, आणि घातलेल्या माल्टवरून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवावरून, होणाऱ्या बिअरचा रंगही दाखवते. इथपर्यंत सारे खेळीमेळीने चालले होते. मग सभेत कोणीतरी माल्टच्या पोत्यावर छापलेली एक कृती दोन्हींत घालून बघण्याची टूम काढली. माल्तेरोने कडवटपणा बावन्न सांगितला, ओयाने एक्केचाळीस. दोन्हींची सूत्रे निराळी आहेत व दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे अर्जदारास मागाहून कळले. त्या घटकेला मात्र श्री. रेइनोसो म्हणाले, "कोम्पाद्रे, तुझा फोन बिअर मोजतोय का हवामान सांगतोय?" त्यावर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, "आणि तुझ्या संगणकाला अजून तारेचे शब्द मोजायची सवय आहे. म्हणून फुगवून सांगतोय." सभा हसली. श्री. रेइनोसो हसले नाहीत.

४. मतदान घेतले. मंडळाचे सभासद चौदा. सात इकडे, सात तिकडे. घटनेप्रमाणे अध्यक्षांना निर्णायक मत आहे, परंतु श्री. रेइनोसो उभे राहून म्हणाले, "स्वतःच्याच पारड्यात वजन टाकणारा माणूस मी नाही," आणि बसले. पुढल्या सभेत तेच. त्या पुढल्या सभेत एका बापड्या सभासदाने तिसरेच सॉफ्टवेअर सुचवले. ते माल्ट पौंडात मागत होते. त्या दिवशी मात्र दोन्ही बाजूंची एकजूट झाली आणि त्या बापड्याला पळता भुई थोडी झाली. वर्षभरात मंडळाने यापलीकडे कोणत्याही गोष्टीवर एकमत केलेले नाही. बिअर करणेही थांबले आहे. बिअर मंडळाच्या सभेत सध्या सफरचंदाचा रस पितात.

५. येथे एक जुनी गोष्ट नमूद करणे भाग आहे. गेल्या तोडणीच्या वेळी, वाद मिटावा म्हणून, एका रविवारी माल्तेरोप्रमाणे व पुढच्या रविवारी ओयाप्रमाणे अशी दोनदा बिअर केली. वेलावरून फुले तोडली, तोलली, वजन सॉफ्टवेअरमध्ये घातले. एकाने कडवटपणा दोनशेच्या वर सांगितला, दुसऱ्याने एकशे साठ. दोघेही हबकले आणि दोघांनीही आकडा खाली येईस्तोवर फुले कमी केली. ओंजळभर उरली. दोन्ही वेळा जी बिअर झाली ती लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखी गुळमट होती. श्री. रेइनोसो यांच्या मते दोष ओयाचा. अर्जदाराच्या मते माल्तेरोचा. वर्षभर यावर इतके बोलणे झाले की अर्जदाराची पत्नी एल्बा हिने जेवणाच्या टेबलावर 'कडवट' हा शब्द उच्चारण्यास बंदी केली.

या महिन्याच्या सुरुवातीला आइलिन, जिचे लग्न ठरले आहे, ती लग्नाच्या बिअरची कृती मांडायला स्वतः बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "पापा, इथं 'सुकी फुलं' लिहिलंय. दोन्हीकडे. तुम्ही दोघं वर्षभर पाणी तोलत होतात की!"

महोदया, आपल्या खोऱ्यात सुकी हॉप्सफुले विकत आणणारा मनुष्य अर्जदाराने पाहिलेला नाही. इथे फूल तोडायचे आणि त्याच दिवशी पातेल्यात टाकायचे. बाहेरच्या जगाला ती सुकवून, दाबून, पिशवीत भरून मिळतात हे आम्ही जाणतो, कारण भरून पाठवणारे आम्हीच आहोत. पण सॉफ्टवेअर लिहिणारा त्या बाहेरच्या जगात राहतो, हे चौदांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. ओले फूल सुकले की त्याच्या वजनाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. दोन्ही सॉफ्टवेअर निर्दोष होती.

६. अर्जदार तसाच धावत श्री. रेइनोसो यांच्याकडे गेला. ते कुंपणापाशी वेल बांधत होते. त्यांनी ऐकले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. अर्जदारही हसला. वर्षभरात दोघे एकत्र हसण्याची ती पहिली वेळ होती आणि अर्जदारास वाटले, सुटलो. मग ते डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे दोन्ही यंत्रं शहाणी आणि आपण दोघं गाढव. बरं, मग वापरायचं कोणतं?" अर्जदाराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "तुझं. माल्तेरोच." इथे अर्जदाराचे चुकले असे पत्नीचे म्हणणे आहे. थोडे ओढून धरायला हवे होते. कारण श्री. रेइनोसो यांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणाले, "का रे? मी म्हातारा झालो म्हणून? उपकार नकोत मला. हरायचं असेल तर सभेत हर."

७. त्याप्रमाणे सभा बोलावली. हात वर करून मतदान. 'एल माल्तेरो'साठी हात मागितले तेव्हा अर्जदाराने आपली बाजू सोडून हात वर केला. श्री. रेइनोसो यांनी तो पाहिला. मग 'ओया'साठी हात मागितले, आणि सर्वांच्या देखत श्री. रेइनोसो यांचा हात वर गेला. परत सात आणि सात.

सभासद पोट धरून हसले. आम्हा दोघांना हसू आले नाही. श्री. रेइनोसो यांना वाटले अर्जदार आपली खिल्ली उडवतो आहे, आणि अर्जदारास तेच त्यांच्याविषयी वाटले. त्या संध्याकाळी दोघे एकाच वेळी, एकाच रस्त्याने, रस्त्याच्या दोन कडांनी घरी गेले. घरी पोहोचेपर्यंत अर्जदाराच्या लक्षात आले होते की, तो हात आपल्यासाठीच वर गेला होता. परंतु तोवर त्यांनी दार लावून घेतले होते, आणि दार ठोठावून "तू माझ्यासाठी हरायला निघाला होतास" असे कोणी कोणाला कसे म्हणावे, हे अर्जदारास अद्याप उमगलेले नाही.

८. त्यानंतरच्या रविवारी पत्नीने त्यांना हट्टाने बोलावून आणले. ते आले, बसले. पत्नीने 'माते' या हिरव्या पानांच्या चहाचा पहिला पेला त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो नळीने ओढला, परत केला आणि म्हणाले, "ग्रासियास." आपल्याकडे 'माते'चा पेला परत देताना 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हटले की आणखी नको असा त्याचा अर्थ होतो, हे आपणांस सांगणे नलगे. आमच्या घरात ते कधी पाचव्या-सहाव्या पेल्याच्या आत हा शब्द बोललेले नाहीत. पहिल्याच पेल्याला बोलले. पत्नी भांडे घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. अर्जदारास त्यांच्यावाचून करमत नाही. हे वाक्य सरकारी अर्जात बसते की नाही याची कल्पना नाही, न बसल्यास खोडून वाचावे.

९. आता निकडीबद्दल. आइलिनचे लग्न मार्चअखेरच्या शनिवारी आहे. खोऱ्याच्या रीतीप्रमाणे लग्नाच्या पिंपाची पहिली तोटी धर्मपित्याने उघडायची, आणि पिंपात असायची ती दोन घरांनी मिळून केलेली बिअर. श्री. रेइनोसो यांच्या वेलावरची फुले चोळली की बोटांना पिवळी भुकटी चिकटू लागली आहे, असे रस्त्यावरून जाताना दिसले. (अर्जदाराने चोळलेली नाहीत, श्री. रेइनोसो स्वतः चोळून बोटे हुंगत होते.) म्हणजे फुले तोडणीला आली, आणि ती टिकतील फार तर आठवडाभर. नंतर फुले तपकिरी पडतील. शिवाय बिअर मुरायला महिना लागतो.

आपण विचाराल, पूर्वी कशी करत होता? पूर्वी मुठीने करत होतो. मूठ श्री. रेइनोसो टाकत आणि 'पुरे' अर्जदार म्हणत असे. आता मूठ भरली की दोघांच्याही डोळ्यांपुढे आकडा उभा राहतो, आणि तो एकच नसतो. आपण विचाराल, दुकानातून का आणत नाही? तसे अर्जदाराने कन्येस विचारून पाहिले. ती म्हणाली, "पापा, बिअरचं काय घेऊन बसलात? तोटी कोण उघडणार ते सांगा." तेव्हापासून तिने हा विषय काढलेला नाही, आणि ती असा विषय काढत नाही हे फार वाईट लक्षण आहे.

१०. सबब विनंती की, आपल्या विभागाने 'एल माल्तेरो' हेच सॉफ्टवेअर या मंडळासाठी निश्चित केल्याचा आदेश काढावा. श्री. रेइनोसो यांचे आयुष्य टपाल खात्यात गेले असल्याने शिक्का असलेल्या कागदाशी ते हुज्जत घालत नाहीत. आदेशात कारण देऊ नये. कारण दिले की ते तपासत बसतील. "अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेऊन फेटाळण्यात येत आहे" असे एक वाक्य मात्र अवश्य असावे व त्यातील शब्द शक्य तितके कडक असावेत. अर्जदाराने ओयासाठी जिवाचा आटापिटा केला आणि तो सपशेल तोंडावर आपटला, असे वाचणाऱ्यास वाटले पाहिजे. आपल्याविरुद्ध निकाल लागावा म्हणून अर्ज करण्याची तरतूद नियमांत आहे काय, हे आवक खिडकीवर विचारले. तिथल्या बाईंनी दोनदा विचारून घेतले आणि मग अर्जदाराकडे फार वेळ पाहिले.

११. असा आदेश काढणे आपल्या अधिकारात बसत नसल्यास, पर्यायी विनंती अशी. अर्जदार व श्री. रेइनोसो या दोघांना कोणत्याही क्षुल्लक कामासाठी एकाच दिवशी, एकाच वेळी आपल्या कार्यालयात हजर राहण्याची नोटीस द्यावी. आपल्या दालनाबाहेर एकच बाक आहे व त्यावर दोनच माणसे मावतात, हे अर्जदाराने पाहून ठेवले आहे. तिथे आम्हांस बसवावे आणि नागरिकांना आपल्या कार्यालयात एरवी जितका वेळ ताटकळावे लागते, तितकाच वेळ ताटकळत ठेवावे. आत बोलावले नाही तरी चालेल. त्या दिवशीच्या दिरंगाईबद्दल अर्जदार कोणतीही तक्रार करणार नाही, याची लेखी हमी देत आहे.

आपल्या विलंबाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही)
आन्सेल्मो बारिआ
कोइवे आल्तो, १८ फेब्रुवारी

सोबत:
१) परिपत्रकाची प्रत.
२) मंडळाच्या सभांचे वृत्तांत.
३) गेल्या वर्षीच्या बिअरची बाटली, एक. पुराव्यादाखल. चाखू नये.
४) लग्नाचे आमंत्रण, आपणांस सहकुटुंब.

प्रत माहितीसाठी: कोणासही नाही. श्री. एवारिस्तो रेइनोसो यांस तर मुळीच नाही.