मिस्टर ऑल्डरसन यांचं मत

ती. प्रुडन्समावशीस,

क्लेमेंटचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? व्हिटबीच्या त्या समुद्रवाऱ्यात बाहेर पडताना लोकरी मोजे घालतेस ना? (घालत नाहीस, मला माहीत आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे जे जिवंत आहेत ते.

तुझ्याच आग्रहावरून मी गावच्या शाळेच्या समितीवर गेलो. वर्षाला सहा बैठका, चहा-बिस्किटं, करायचं काही नाही, असं म्हणाली होतीस. तीस वर्षं तू तिथली चिटणीस, म्हणून विश्वास ठेवला. बैठक बालवर्गात भरते आणि पोरांच्या खुर्च्यांवर आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसतो. पहिला विषय गैरहजर सभासदांच्या दिलगिरीचा. मिस मेटकाफ (तुझ्या जागी आलेली, हसताना तिला कुणी पाहिलेलं नाही) दर वेळी एक पत्र वाचते की मेंढ्यांवाले मिस्टर ऑल्डरसन येऊ शकत नाहीत. सगळे माना डोलवतात, दिलगिरी मंजूर. तिसऱ्या बैठकीला मी पाद्रीबुवांना विचारलं, हे गृहस्थ आजारी असतात का? "छे हो, नऊ वर्षांपूर्वी वारले. मीच पुरलं त्यांना," असं म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. सहा महिने न कळवता गैरहजर राहिलं तर सभासदत्व जातं; हे तर न चुकता कळवतात. मग काढणार कसं?

गेल्या मंगळवारी शाळा बंद करायची का, यावर मतदान होतं. मुलं उरलीत एकोणीस, त्यात आमची टॅबिथा. शाळा गेली तर त्या सहा वर्षांच्या पोरीला बर्फातून खिंडीपलीकडे रोज तासभर बसने जावं लागेल. त्या काळजीनं मला अन्न गोड लागत नव्हतं. आम्ही सहाजण, तीन-तीन. बरोबरी झाली की अध्यक्षबाईंचं जादा मत, आणि बाई बंद करण्याच्या बाजूच्या. मिस मेटकाफनं वही उघडली आणि म्हणाली, "मिस्टर ऑल्डरसन यांचं पत्र आलेलं नाही. म्हणजे ते येताहेत." कुणी हसलं नाही. पाद्रीबुवांनी निमूटपणे आणखी एक खुर्ची ओढून ठेवली. थोड्या वेळानं ओल्या लोकरीचा वास आला आणि अध्यक्षबाईंनी कोट अंगाभोवती ओढून घेतला.

हात वर झाले. बंद करण्याच्या बाजूनं तीन, विरुद्ध चार. बाईंनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा चार. मी स्वतः मोजले, मावशी. चौथा हात कुणाचा हे पाहायला मान वळवायची होती, ती वळली नाही. भीती तर वाटलीच, पण आनंद इतका झाला की डोळ्यांत पाणी आलं. हजेरीच्या वहीत सात सह्या आहेत, असं मिस मेटकाफ सांगते. मी ती वही मागितली नाही.

तुझा भाचा,
क्लेमेंट

ता. क. – मोजणी मान्य नाही म्हणून बाईंनी सहा मार्चला फेरमतदान ठेवलं आहे. ऑल्डरसन यांना लिहिता येत नव्हतं आणि त्यांची पत्रं तूच लिहून द्यायचीस, असं पाद्रीबुवांकडून कळलं. सवयीनं अजूनही पाठवत असशील, तर कृपा करून या वेळीही पाठवू नकोस.

ता. क. २ – आणि तू पाठवत नसशील, तर तसं मला कळवू नकोस.