बाईसाहेबांचा लॅपटॉप

प्रिय बाईसाहेब,

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता 'हो, हो' करत बसतो, म्हणून आज लिहायला बसलो. तुझे आप्पा ऑपरेशननंतर काठी सोडून बागेपर्यंत चालायला लागले, हे ऐकून जीव भांड्यात पडला. जावयाने खूश व्हायलाच हवं, आणि मी आहेही. पण त्याच्या पुढचा प्रश्न काही माझ्या तोंडातून निघत नाही, आणि तूही 'बघू' म्हणून फोन ठेवतेस.

मधल्या काळात तुझा लॅपटॉप उघडला. रागावू नकोस. आप्पांकडे जाताना तूच म्हणाली होतीस, "विकून टाक तो. माझं चित्रं काढणं संपलं आता." बोलायला काय जातं! शाळेच्या पुस्तकांतले तुझे हत्ती बघत किती पोरं वाचायला शिकली. दुकानदार म्हणाला, मशीन जुनं झालंय, नवीन सिस्टीम याला झेपणार नाही. पण आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला असं सांगून चालत नाही. मी जुनी सिस्टीम काढून त्यावर लिनक्स घातलं. फुकट, हलकं, आणि खोड्यांच्या बाबतीत आपल्या भाचरांचा बाप. पडदा मागे दुमडून पाटीसारखा हातात धरला की चित्र वळायचं, पण पडद्यावर चित्र काढायच्या तुझ्या पेनला त्याचा पत्ताच नसायचा. रेघ मारावी इकडे आणि उमटावी तिकडे. मी इतका वैतागलो की तुझी आठवणसुद्धा चिडून काढली. शेवटी इंटरनेटवर एका अनोळखी बाईने समजावलं, की पडदा वळला हे पेनला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं आणि गाडी रुळावर आली. मग बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी केली, पडद्यावरचा कीबोर्ड हाकेसरशी येईल असा केला. स्वतःवरच खूश होऊन तुला कळवणार होतो.

तेवढ्यात तुझ्या टेबलाकडे लक्ष गेलं. दिवा अजून उजव्या बाजूलाच आहे, तुझ्या डाव्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शहाण्याने सगळं माझ्या उजव्या हाताने तपासलं होतं! तुझ्या खुर्चीत बसून पेन डाव्या हातात धरलं, तर तळहात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर टेकला आणि चित्रच बंद. मग बटणांची पट्टी उजवीकडे नेली, पेन चालू असताना तळहाताकडे लक्ष द्यायचं नाही असं मशीनला बजावलं, आणि रोज डाव्या हाताने हत्ती काढून पाहिले. बटाट्यांना सोंडा फुटल्यासारखे दिसतात. पण कितीही हात टेकला तरी आता काही बंद पडत नाही.

आता तो माझ्या कामाचा राहिलेला नाही, पट्टी माझ्याच हाताखाली झाकली जाते. विकायचा म्हटलं तरी कोण घेणार? या घरात तो फक्त तुझ्या हाताला बसतो. चित्रं नाही काढलीस तरी चालेल गं, त्यावर धूळ बसू दे. तू घरात नाहीस, ते मला चालत नाही. फोनवर विचारायचं धाडस होत नाही, म्हणून इथे विचारतो. कधी येतेस? 'बघू' म्हणू नकोस.

तुझाच,
मिस्त्री